जिजाबाईंच्या चोळीची गाठ

गाठ सुटेना.

क्षितिजाने नखं लावून पाहिली. केसातला आकडा काढून त्याचं टोक आत खुपसून पाहिलं. छातीखाली बांधलेली चोळीची ती गाठ सुपारीसारखी टणक होऊन बसली होती आणि मांडीवर बारा दिवसांची पोर टाहो फोडत होती. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. इथे पोर रडून लालबुंद झाली होती, आई पाजायलाच टेकली होती, आणि आडवी आली होती दोन बोटांची चिंधी.

चोळी आजेसासूची, जिजाबाईंची. खारी गावातल्या या घराची रीत अशी, की पहिलटकरणीने बारशाला तीच चोळी घालायची. जिजाबाईंनी घातली, मग सासू अनसूयाबाईंनी, आणि आता क्षितिजाने. लाल खणाची, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारी. जिजाबाई मिठागरात राबलेल्या, अंगाने काटकुळ्या. त्यांच्या मापाच्या बाह्या क्षितिजाच्या दंडात रुतल्या होत्या. हुकांच्या ब्लाउजची सवय असलेल्या सुनेला गाठ मारता येईना, म्हणून सकाळी अनसूयाबाईंनी स्वतः मारली. साधी नाही, दुहेरी. "चार बायकांत सुटली तं आपलीच शोभा," म्हणत वरून आणखी एक आवळली.

त्याला तीन तास झाले. ओटी भरून झाली, नमस्कार झाले, रोल संपेपर्यंत फोटो झाले. बाहेर पाळणा सजून तयार होता आणि बायकांची चुळबुळ आतपर्यंत ऐकू येत होती.

"बोटल तैयार है, अनसूयाबेन," शेजारच्या बिल्डिंगमधल्या हंसाबेन दारात येऊन उभ्या राहिल्या. "दे दूँ क्या? बच्ची कब से रो रही है."

दुधाच्या पावडरचा डबा अनसूयाबाईंनीच केबिन रोडवरून आणवला होता. सुनेला दूध पुरत नाही, हे त्यांनी तिसऱ्याच दिवशी ठरवलं आणि आळीभर सांगूनही टाकलं. पोरीचं वजन उतरलं होतं, हे खरं. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बाटलीची चटक लागू देऊ नका, दर दोन तासांनी अंगावरच घ्या. क्षितिजाला आई नव्हती, बाजू घेणारं कुणी नव्हतं. तरी तिने बारा दिवस ती बाटली उंबऱ्याबाहेर ठेवली होती. आज एकदा आत आली की पुन्हा बाहेर जाणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आई, कात्री द्या," ती शेजारी उभ्या सासूला म्हणाली.

"कात्री?" अनसूयाबाई कडाडल्या. "माझे सासूची चोली हाय ती! सवाष्णीच्या अंगावरचे चोलीला या घरान कात्री लागत न्हाय." मग त्यांची नजर खणावरच्या काळपट ओलीवर गेली. "आनि ह्ये काय? घामानं भिजवलीस सगली!"

"घाम नाहीये, आई. दूध आहे. ती रडायला लागली की येतं. त्यानेच गाठ भिजून आवळलीये."

"तुला? येवढं?" अनसूयाबाईंनी नाक मुरडलं. "घामच हाय तो. हंसा, आन ती बाटली."

हंसाबेन पुढे आल्या. क्षितिजाने पोरीला छातीशी धरलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सासूच्या शब्दाबाहेर ती आजवर गेली नव्हती. आज गेली.

"बाटली नाही घेणार. गाठ तुम्ही मारलीये, तुम्हीच सोडा."

बाहेरची चुळबुळ थांबली. तेवढ्यात पोरीचं रडणंही बसलं. आवाज चिरका झाला, मग नुसती उचकी यायला लागली. मघाच्या आकांतापेक्षा ती उचकी भयंकर होती. अनसूयाबाईंनी दार लोटलं आणि त्या सुनेसमोर उकिडव्या बसल्या.

त्यांनी नखं लावली. नखं चालेनात. आकडा घेतला, तो वाकला. मग त्या पुढे झुकल्या आणि त्यांनी गाठीला दात लावले.

क्षितिजाने पोरीला जरा बाजूला सरकवून धरलं. सासूचं पिकलेलं डोकं तिच्या हनुवटीखाली होतं, खोबरेल तेलाचा वास येत होता. या बाईने आजवर तिच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला नव्हता. अनसूयाबाई गाठ चावत होत्या, ओढत होत्या, पुन्हा धरत होत्या. वरची गाठ सैल झाली. आणि मध्येच त्या थांबल्या.

त्यांचे ओठ ओले झाले होते. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. पुन्हा एकदा फिरवली. मान वर केली नाही.

मग त्यांनी उरलेली गाठ दातांत धरून अशी हिसडली, की जुना खण टर्रकन उसवला. चोळी उघडली. पोरीने धडपडत तोंड लावलं, ठसका लागला, पुन्हा लावलं. खोलीत घटाघटा गिळल्याचा आवाज यायला लागला.

"तो दूँ के नहीं?" हंसाबेनना मागून काहीच दिसत नव्हतं.

अनसूयाबाई उसवलेल्या खणाचा तुकडा मुठीत धरून तशाच बसून राहिल्या. तोंडही पुसलं नाही.

"बाटली घेऊन जा, हंसा," त्या म्हणाल्या. "मिठागरान जलम गेला माझा. घाम मना ठाव हाय. ह्यो घाम न्हाय."