काळ्या गाडीचा मळ

आरसेमामांनी लोकरीचा पॅड पॉलिशच्या मशीनला चढवला, काढला, पुन्हा चढवला.

त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाडीत बघून खुशाल भांग पाडावा, म्हणून लोक त्यांना आरसेमामा म्हणत. समोर मास्तरांची जुनी काळी गाडी उभी होती. सोळा वर्षं दर वर्षी यायची, आणि फर्मान एकच: "कडक रबिंग करा. मळ निघाला पाहिजे." काम झालं की मामा काळाकुट्ट पॅड मास्तरांच्या नाकासमोर धरायचे, "बघा, केवढा मळ!" मास्तर खूश. मामाही खूश.

मामांच्या हाताशी काम करणारी त्यांची सून रंगाची जाडी मोजायचं यंत्र बॉनेटवर टेकवत चालली होती. कडेशी येऊन थांबली.

"बाबा, इथं रंग नावालाच उरलाय. लोकर फिरवली तर खालचं करडं अस्तर दिसेल. मऊ फोमचा पॅड घेतला तरी भीतीच आहे. नुसतं वॅक्स लावू, हातानं."

"मग मळाचं काय सांगायचं?"

"सांगा, यंदा गाडी स्वच्छच होती. मास्तरांना थोडंच कळणार आहे!"

तिनं सहज म्हटलं, पण मामांना ते झोंबलं. जुन्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक थर नसतो. घासलं की रंगच पॅडवर येतो. पहिल्या वर्षी हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वर्षी कळलं होतं. पण तोवर मास्तरांचा तो फुललेला चेहरा बघायची चटक लागली होती.

बाकावर पेपर वाचत बसलेले मास्तर उठून आले. "काय खलबतं चाललीत सासऱ्या-सुनेची? करा की चालू!"

मामांनी देवाला साक्षीला बोलवावं तसं एकदा वर पाहिलं आणि मशीन खाली ठेवलं.

"मास्तर, तो मळ नव्हता."

"कुठला?"

"सोळा वर्षं दाखवला तो. तुमच्या गाडीचा रंग होता. मीच काढला, थोडा थोडा करून. आता काढण्याजोगा उरला नाही."

मास्तरांनी चष्मा नाकावर सरकवला, वाकून बॉनेटची कड बघितली. बराच वेळ बघितली.

"जन्मभर पोरांचे कान उपटले मी, नीट बघा म्हणून," ते म्हणाले. "गाडी काळी आणि मळही काळाच, हे मला एकदाही खटकू नये?"

"रागवा, मास्तर. रागावलात तर बरं वाटेल मला."

"रागावलोयच. त्यात तुमची परवानगी कशाला?" मास्तर अजून कडेवरून बोट फिरवत होते. "आता काय करायचं हिचं?"

"वॅक्स. मऊ कापडानं, हलक्या हातानं. दिवस जाईल."

"मग एक कापड इकडे द्या. ही बाजू माझी."

सुनेनं कापड पुढे केलं आणि मागे घेतलं. "मास्तर, आधी अंगठी काढा. ओरखडा उठेल."

अंगठी बोटात पार रुतली होती. मास्तरांनी ओढून पाहिली, निघेना. मग ते गाडी धुवायच्या बादलीशी उकिडवे बसले, साबणाच्या पाण्यात बोट बुडवलं आणि अंगठी हळूहळू फिरवू लागले.