नंदकुमारची यादी

"भगवानशेट," बायजाबाई म्हणाली आणि मुलाकडे न बघता तव्यावरचे बोंबील उलटत राहिली.

नंदकुमारचं पेन थांबलं. यादीतलं हे शेवटचं घर, आणि ते त्याचं स्वतःचं होतं. ग्रामपंचायतीला मत कोणाला, एवढंच तो सकाळपासून आळीत घरोघर विचारत होता. जो तो भगवानचं नाव घेत होता. तळोज्याच्या ज्या केमिकल कारखान्याच्या पाण्यानं यांची भातशेती नासली, त्याच कारखान्याचा हा लेबर कॉन्ट्रॅक्टर.

"आये, त्या नाल्याचं पानी पिऊन आपली म्हैस मेली. मुक्ताबाई नाला बंद करायला उभी हाय. आनि तू भगवानला देतेस?"

"तू इचारलंस, मी सांगितलं. लिव."

त्यानं लिहिलं, पण असं दाबून की कागद फाटला.

नंदकुमार त्याच कारखान्यात क्लार्क होता. उमेदवाराला देणगी देण्याआधी मॅनेजरना गावाचा कल कळायला हवा असे, आणि घरोघर फिरायला गावचाच माणूस बरा. देणगी जीपला नि पत्रकांना जाते, असं नंदकुमार धरून चालला होता. मागच्या निवडणुकीतही त्यानंच यादी केली होती. तेव्हा निम्म्याहून जास्त घरं मुक्ताबाईची होती. मतदानाच्या आदल्या दिवशी भगवाननं आळीत लुगडी आणि बाटल्या वाटल्या, आणि मुक्ताबाई अकरा मतांनी पडली. तेव्हापासून नंदकुमारला गावाची चीड होती. एका लुगड्यात विकली जाणारी माणसं. यंदा तर लाज सोडून फुकटातच विकली गेली होती. त्यात त्याची आईही.

यादी वाचून मॅनेजर खूश झाले.

"भगवान बसल्या जागी निवडून येतोय. मग देणगी कशाला द्यायची?" त्यांनी फाइल मिटली.

मतमोजणीला नंदकुमार शाळेच्या व्हरांड्यात उभा होता. भगवानला सतरा मतं पडली. बाकी सगळी मुक्ताबाईला. लोक गुलाल उधळत होते. त्याला मात्र कोणी गुलालाचं बोटही लावलं नाही. तो तरातरा घरी आला.

"अख्खी आळी माझ्याशी खोटं बोलली," तो आईवर ओरडला. "तू पन. पोटच्या पोराशी. मी काय दुश्मन हाय तुमचा?"

बायजाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. इतके दिवस दाबलेला राग तिच्या तोंडावर आला.

"गेल्या टायमाला आमी तुला खरंच सांगितलं होतं. ज्या घरांनी मुक्ताचं नाव घेतलं, नेमकी त्याच घरांत लुगडी आली. वाटणाऱ्याच्या हातात यादी होती. मला वाचता येत नाय, नंद्या. पन तुझं अक्षर वळखते मी."