चिमूटभर जवळा

"अण्णा, पुन्हा जवळा टाकलात?"

विष्णुपंतांचा हात काचेच्या टाकीवरच थांबला, पण चिमूट रिकामी झाली होती. आत मासे भिजवलेल्या जवळ्यावर तुटून पडले होते.

"खातात रे बिचारे," ते म्हणाले. "मघापासून तोंड उघडून माझ्याकडे बघत होते."

"माशांची तोंडं तशीच असतात, अण्णा!"

त्यांचा मुलगा हेमचंद्र रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता. अंबरनाथ पश्चिमेच्या त्याच्या फ्लॅटमध्ये जिथे सोफा असायला हवा, तिथे समुद्र होता. चार फुटी टाकी, त्यात मीठ मोजून केलेलं पाणी, वर निळसर ट्यूबलाइट आणि मधोमध दगडावर एक मऊ पोवळं. अंगठीतलं नव्हे. हे जिवंत होतं, भूछत्रासारखं, आणि खुशीत असलं की अंगभर बारीक बोटं फुलवून डुलायचं. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराने खटपट करून ते मिळवून दिलं होतं. देताना म्हणाला होता, "साहेब, इसको बच्चे जैसा संभालना."

हेमचंद्र त्याला मुलाहून जास्त जपायचा. कामावरून आला की बूट काढायच्या आधी टाकीतलं पाणी परीक्षानळीत घ्यायचा, त्यात औषधाचे थेंब टाकायचा आणि रंग बघायचा. पाणी गुलाबी झालं की समजायचं, त्यात नायट्रेट वाढलंय. म्हणजे माशांची घाण आणि उरलंसुरलं अन्न पाण्यात कुजतंय. मग काचेवर शेवाळ धरायचं. पाणी रोज गुलाबी व्हायचं, कारण घरात दिवसभर अण्णा असायचे.

बायको गेल्यापासून अण्णांना दिवस खायला उठायचा. सून नीलिमा शाळेत शिकवायला जायची. मग अण्णा टाकीसमोर खुर्ची ओढून माशांना पेपर वाचून दाखवायचे. निवडणुकीच्या बातम्या मासे फार लक्ष देऊन ऐकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि जेवायला बसण्याआधी चिमूटभर जवळा, कारण घरात कुणाला उपाशी ठेवून आपण जेवायचं, हे त्यांना जमत नसे.

त्या संध्याकाळी कंपनीतले दोन साहेब खास टाकी बघायला आले होते. काच हिरवी झाली होती. हेमचंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णा," तो पाहुण्यांसमोरच म्हणाला, "या घरात तुम्हाला एकच काम सांगितलंय. काहीही न करण्याचं."

साहेब हसले. अण्णाही हसले. त्यांनी धोतराला बोटं पुसली आणि म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ते वांगणीला निघाले. तिथे त्यांचा चुलतभाऊ सदू शेत सांभाळून राहत असे. "काकड्या लागल्यात म्हणतो," अण्णा म्हणाले. "चार दिवस जाऊन येतो." चार दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना होऊन गेला.

इकडे टाकी आरशासारखी झाली. काचेवर शेवाळाचा ठिपका नाही. परीक्षानळीतलं पाणी गुलाबी व्हायचं नावच घेईना. हेमचंद्र खूश होता. साहेबांना पुन्हा बोलवायचं त्याने ठरवलंही.

आणि मग पोवळं मिटलं.

आधी बोटं आत ओढून घेतली, मग देठ वाकला. अंगावर मेणासारखा पापुद्रा चढला. हेमचंद्रने पाणी बदललं. दगड घासले. ट्यूब नवीन लावली. माशांचं खाणं आणखी कमी केलं. पोवळं आणखी आक्रसलं. त्याला जेवण जाईना.

"पाण्यात दोष नाही," तो पुन्हा पुन्हा नळी उजेडात धरून म्हणायचा. "बघ ना. पाण्यात काही म्हणजे काहीच नाही!"

नीलिमा वह्या तपासत होती. मान वर न करता तिने विचारलं, "काहीच नाही, तर मग ते जगतं कशावर?"

"उजेडावर," हेमचंद्र म्हणाला, आणि त्याने नळी खाली ठेवली.

नुसत्या उजेडावर झाडसुद्धा वाढत नाही. झाडाला खत लागतं. अण्णांचा जवळा मासे खायचे, माशांची घाण पाण्यात उतरायची आणि त्या घाणीतलं किंचितसं काहीतरी पोवळ्याच्या अंगी लागायचं. त्याने पाणी इतकं निर्मळ केलं होतं, की त्यात पोवळं उपाशी राहिलं होतं.

नंतरच्या एका रविवारी त्याने स्कूटर काढली आणि बदलापूरवरून वांगणी गाठली. काय बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलं होतं. अण्णा मांडवाखाली सदूकाकांशी बोलत बसले होते. उन्हाने काळवंडले होते, पण तब्येत बरी दिसत होती. हेमचंद्रला बघून ते उठले नाहीत.

"अण्णा, न्यायला आलोय."

"माहीत आहे. नीलिमाने चिठ्ठी धाडली होती मागे. तुझं पोवळं मिटलंय म्हणे."

घोकलेलं सगळं हेमचंद्र विसरला.

"अरे, जवळा फडताळात वरच्या कप्प्यात आहे," अण्णा म्हणाले. "पाण्यात भिजव, खारटपणा काढून टाक आणि दुपारी चिमूटभर घाल. एवढ्यासाठी मला कशाला नेतोस? माशांना खायला घालायला मी तिथे येणार नाही. इथे सदूला माझी सोबत होते." त्यांनी सुपातली एक काकडी त्याच्यापुढे सरकवली. "ही खा आणि जा. फुलेल तुझं पोवळं."

हेमचंद्र त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसला.

"ते फुललंय, अण्णा," तो म्हणाला. "दोन आठवडे झाले."