राखीव लाइनी

धावत्या गाडीतला कॉल पुढच्या टॉवरकडे जाताना तुटू नये, म्हणून मोबाइल कंपनीतला निकेश प्रत्येक टॉवरवर थोड्या लाइनी राखून ठेवायचा. यात्रेत फोन लागत नाही अशी बोंब उठली, तेव्हा साहेबाच्या एका शब्दावर आलापल्लीकडच्या टॉवरच्या राखीव लाइनीही त्यानं मुकाट यात्रेकरूंसाठी खुल्या केल्या. आज त्याची अडलेली बहीण तिथल्याच रस्त्यानं ॲम्ब्युलन्समधून दवाखान्यात चालली होती, अन् चंद्रपुरातून सुईण आई त्याच्या फोनवरून नवख्या नर्सला समजावत होती. "नाळ मानेभोवती गुंडाळलीये, बाई!" नर्स किंचाळली. "वढू नोको पोरी. बोट घाल, अन् हळूच..." गाडी पुढच्या टॉवरच्या हद्दीत शिरली असावी, फोन मुका झाला. "...डोस्क्यावरून काढ," आई सांगतच राहिली. "आयकून राह्यली ना?" निकेशनं पुन्हा लावला, लाइनी भरलेल्याच. फोन थरथरला. साहेबाचा मेसेज होता: 'यात्रेतून एकही तक्रार नाही. शाब्बास!'