गाळलेलं वाक्य

फिल्म संपली, दिवे लागले, तशी आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी स्पीकरची वायर गुंडाळायला घेतली. सकाळपासूनची ही तिसरी शाळा. पाय आता बोलायला लागले होते.

फिल्म कसली, कॉलेजातल्या एका मुलीने स्वतःच्या आवाजात सांगितलेली स्वतःची गोष्ट, आणि सोबत मोबाइलवर काढलेले फोटो. चेहरा कुठेच नाही. मित्राबरोबर काय झालं, मग ती कशी कुणाशी बोलेनाशी झाली, आणि शेवटी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना काय म्हणाली. ते वाक्य रेकॉर्ड करताना ती पोर दर वेळी रडायची. नर्सबाईच तिला पाणी देऊन पुन्हा माइकसमोर बसवायच्या.

नेमकं तेच वाक्य ह्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी पहिल्या वर्गाआधीच बंद करायला लावलं. बाकीचं दाखवा म्हणाले, एवढं नको, पालक आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटतील. आणि वर एक शब्द जास्त बोललात, तर पुढच्या वर्षी ह्या शाळेचं फाटक विसरा. नर्सबाई बरं म्हणाल्या. भांडून भांडून जीव विटला होता त्यांचा.

त्यामुळे दवाखान्यातल्या बाकाचा फोटो आला, की आवाज गुल. प्रत्येक वर्गात खसखस पिकायची, ह्याही वर्गात पिकली. काही विचारायचंय का म्हटल्यावर सगळे दप्तरं आवरायला लागले आणि घंटा होताच पळाले.

एक मुलगी तेवढी मागे राहिली. दप्तराची चेन उघडत होती, लावत होती.

"बाई, तो मध्येच आवाज गेला ना..."

"स्पीकर जुना आहे गं." हे उत्तर आता त्यांच्या तोंडात बसलं होतं.

मुलगी हलली नाही. "पण ती डॉक्टरांना काय म्हणाली? म्हणजे... सुरुवात कशी करायची असते?"

व्हरांड्यात मुख्याध्यापक कुणावर तरी ओरडत होते, आवाज इकडेच येत होता. बाईंनी वायर खाली टाकली, उठून दाराला कडी घातली आणि आपला फोन काढला. मूळ फिल्म त्यात होती. इअरफोनचं एक टोक मुलीला दिलं, दुसरं स्वतःच्या कानात घातलं.

बाकाचा फोटो आला. मुलगी श्वास धरून ऐकत राहिली.

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं.

"परत लावा ना," मुलगी हळूच म्हणाली. "पाठ करते."