फाट्यावरची काठी

"हे टायर धड सडकेचे नाहीत, धड डोंगराचे नाहीत," विब्केच्या सायकलकडे बघत क्नापकाका म्हणाले. "तुझ्या बाबांची का ही?"

"त्यांचीच. पुढचं चाक तेवढं नवं टाकलंय."

काकांनी आपल्या सायकलवर टांग टाकली आणि दोघं नेकार नदीच्या काठाने निघाले.

मागच्या ऑक्टोबरात विब्केचे वडील, एनो, याच वाटेने गेले होते. समुद्राकाठचा, उत्तरेकडचा माणूस. निवृत्तीनंतर त्यांना खडीच्या वाटांवर सायकल चालवायचं वेड लागलं. त्या दिवशी विब्के गाडीने पुढे जाऊन वरच्या किल्ल्यावर जेवण मांडून बसली होती. एनो पोचलेच नाहीत. शेवटच्या फाट्यावर त्यांनी किल्ल्याची डावी वाट सोडून उजवी धरली. उजवीकडे पावसाने द्राक्षमळ्याचा दगडी बांध ढासळला होता. संध्याकाळी ते खाली सापडले. फोनचा चुरा झाला होता.

पोलिसांनी विब्केला एवढंच विचारलं, की वडिलांची नजर कशी होती. मग कागदावर लिहिलं : बंद वाटेवर स्वतःहून गेले.

तो 'स्वतःहून' तिला वर्षभर झोपू देत नव्हता. त्यांना तिकडे पाठवलं कोणी, एवढंच तिला ठरवायचं होतं. या काठावरच्या वाटांची देखभाल क्नापकाकांकडे. तिने त्यांना चार पत्रं लिहिली. चौथ्याला उत्तर आलं : ये.

चढ सुरू झाला. तोडणी होऊन गेलेल्या वेली पिवळ्या पडल्या होत्या. एका घराच्या दारावर खराटा टांगलेला दिसला.

"मार्टाने घरच्या वाइनचं दुकान मांडलं वाटतं," काका म्हणाले. "येताना थांबू. तिची वाइन आंबट असते, पण कांद्याचा केक फर्मास. तुम्हा उत्तरेकडच्यांना आधी हा खराटा कळतच नाही. एकाने मार्टाला विचारलं होतं, बाई, झाडलोट चालू आहे का?"

विब्के हसली नाही.

"तू किती वर्षं झाली श्टुटगार्टात?"

"नऊ."

"मग आमचीच झालीस. तुला काय सांगायचं!"

तिने खिशावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मघापासून तिचं हेच चाललं होतं. मध्येच उतरून तिने टायरची हवा बघितली. हवा ठीक होती.

फाटा आला. उजवीकडच्या वाटेवर लोखंडी पाटी होती. लाल पट्टा, 'वाट बंद'.

"ही तेव्हा होती?"

"पोलिसांच्या कागदात आहे."

"मी तुम्हाला विचारतेय, काका."

काकांनी हेल्मेट काढलं. डोक्यावरचे चार केस घामाने चिकटले होते. ते बांधावर बसले.

"नव्हती. पाटी माझ्या कोठारात पडली होती. तोडणीचे दिवस, हाताशी माणूस नाही. म्हटलं, पाटी उद्या आणू. एक काठी रोवली आणि वर पेंढ्याची जुडी बांधली. माझा आजा हेच करायचा. काठीवर पेंढा म्हणजे पुढे जायचं नाही."

"मग पाटी कधी आली?"

"तुझे बाबा सापडल्यावर. पोलीस खाली उभे होते, तोवर मागच्या वाटेने आणून रोवली. काठी चुलीत घातली."

विब्के उभीच होती. पायाने खडी इकडची तिकडे करत होती.

"ती जुडी लांबून कशी दिसत असेल?"

"लांबून? असेल खराट्यासारखी. पण इथल्या माणसाची गफलत होणार नाही. खराटा दारावर असतो. उघड्या रानात कोण कशाला टांगेल? तुला नसतं कळलं?"

तिने हातमोजा ओढून काढला आणि पुन्हा घातला.

"बाबा बाहेरचे होते," ती म्हणाली.

"हो ना. त्यांचा काय दोष! दोष माझा." काकांनी हातातलं हेल्मेट बाजूला ठेवलं. "वर्ष झालं, रोज सकाळी मी या पाटीवरचं दव पुसायला येतो. बायकोला वाटतं, म्हातारा व्यायाम करतोय. सोमवारी ठाण्यात जातो आणि सगळं सांगतो. चाळीस वर्षं सांभाळलेल्या वाटा जातील. कदाचित मीही आत जाईन. जाऊ दे."

तिचा हात पुन्हा खिशावर गेला.

"एकच सांग, पोरी. त्यांनी इथून तुला काही कळवलं होतं का? फोन, निरोप?"

"नाही."

"बरं झालं. नाहीतर तुला आयुष्यभर वाटत राहिलं असतं, की आपण अडवायला हवं होतं."

"सोमवारी मी येईन तुमच्याबरोबर," विब्के म्हणाली.

काकांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. मग डोळे पुसून सायकलवर बसले. "मार्टाकडे थांबतो. ये सावकाश." ते उताराला लागले. वळणावर त्यांनी मागे न बघता हात हलवला.

खडीवरचा चाकांचा आवाज विरेपर्यंत विब्के पाटीजवळ थांबली. मग तिने खिशातून फोन काढला. वडिलांनी पाठवलेला शेवटचा फोटो उघडला. फाटा, काठी, काठीवर पेंढ्याची जुडी. खाली त्यांनी लिहिलं होतं : 'उजवीकडे हे काय बांधलंय? वाट बंद आहे का?'

त्याच्या खाली, त्याच मिनिटाला गेलेलं तिचं उत्तर होतं : 'बाबा, तो खराटा! म्हणजे पुढे घरची वाइन मिळते. उजवीकडूनच या, आणि माझ्यासाठी एक बाटली आणा.'