वरचा ठिपका

पिपरी मेघेच्या ट्यूशनमध्ये श्रीधर सर कॉम्प्लेक्स नंबर शिकवताना प्रत्येक बाकावरच्या दोघींची जोडी लावत. फळ्यावरच्या आडव्या रेषेच्या वर एकीचा ठिपका, आरशात पडावा तसा बरोबर खाली दुसरीचा. आमच्या बाकाचा वरचा ठिपका रोज वेदश्रीचा आणि खालचा माझा.

"सर, मले वर काऊन नाई?" मी एकदा विचारलंच.

"रेषेपासून दोघीचं अंतर सारखंच हाये ना वं, आचल," सर म्हणाले. "अन् जोडीतला एकटा कधी राहत नाई."

वेदश्री वहीत तोंड घालून हसली. ते हसू मला महिनाभर सलत होतं.

आज मी सगळ्यांच्या आधी आले आणि अंगठ्यानं फळ्यावरचा तिचा कालचा ठिपका पुसून टाकला. बघते तर खालचा माझा ठिपकाही गायब. त्याला मी हातही लावला नव्हता. मी खडू घेऊन तो परत काढू लागले. खडू उमटेचना.

वर्ग भरला. वेदश्री आली नाही. हजेरीत माझं नाव आलं, तशी मी हात वर करून मोठ्यानं "येस सर" म्हटलं.

सरांनी आमच्या बाकाकडे बघितलं.

"काऊन बा, या दोघीबी नाई आल्या आज?"